म्हाळू पाणाड्याच्या तीन नद्या

एका राज्यात पाऊस पडायचा बेताचा, पण विहिरी असायच्या तुडुंब. ही करणी देवाची नव्हे, म्हाळू पाणाड्याची. कुठे खणलं की पाणी लागेल, हे तो सांगायचा. तीनशे विहिरींच्या जागा त्यानं दाखवल्या आणि एकही कोरडी गेली नाही. बाकीचे पाणाडे जांभळीची फांदी हातात धरून रानोमाळ हिंडत. म्हाळूकडे नकाशा होता.

विहिरीविहिरीचं पाणी चाखून, त्याचे चढउतार मोजून, चाळीस वर्षं खपून त्यानं तो कातड्यावर काढला होता. जमिनीच्या पोटातून तीन नद्या वाहतात, असं तो नकाशा सांगे. एक गेरूनं काढलेली, एक निळीनं, एक काजळानं. त्यांची वळणं, त्यांच्या उड्या, शेवटी तिघींचा संगम, सगळं जागच्या जागी. नद्या मात्र कोणी पाहिल्या नव्हत्या. खुद्द म्हाळूनंही नाही.

त्याची लेक आवडी. बापाचा धंदा तिनं उचलला होता, बापाचं वेड मात्र उचललं नव्हतं. ती म्हणायची, "आबा, नकाशानं पाणी लागतं ना? मग झालं. खाली नद्या असल्या काय नि नसल्या काय." म्हाळूला हे भारी झोंबायचं. तो रुसून एक वेळ जेवायचा नाही आणि दुसऱ्या वेळेला दोन वेळचं जेवायचा.

असं चाललं असताना राज्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला. त्याच्यापाशी पितळेचा बेडूक होता. पाण्याच्या जागी ठेवला की तीनदा ओरडायचा, आणि तोही कधी चुकायचा नाही. मांत्रिकाचा डोळा राजपाणाड्याच्या आसनावर. भर दरबारात तो मणिभद्र राजाला म्हणाला की बेडकानं पाणी लागतं, नकाशानंही लागतं, तिथे दोघे सारखे. पण आपला बेडूक न पाहिलेल्या नद्यांच्या बाता मारत नाही. हा म्हातारा मारतो. खरा असेल तर त्यानं चौथऱ्यावर उभं राहून बोलावं.

चौथरा म्हणजे सत्याचा चौथरा. राजवाड्यापुढे तो कधीपासून होता हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्याची रीत अशी, की वर उभं राहून माणूस जेवढं खोटं बोलेल तेवढा तो दगड व्हावा. थोडं खोटं, थोडा दगड. सगळं खोटं, सगळा दगड. जाणूनबुजून बोलला की चुकून, हे चौथरा विचारत नसे. शब्द मागे घेऊन खरं बोललं, की दगड सुटे.

म्हाळू मिशीवर हात फिरवत वर चढला आणि म्हणाला, "जमिनीखाली तीन नद्या आहेत."

त्याचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे झाले.

दरबारात एकच कालवा उठला. अर्धे पंडित म्हणाले, दगड झाला, तस्मात् नद्या नाहीत. उरलेले म्हणाले, गुडघ्यापर्यंतच झाला, तस्मात् काहीतरी आहे. राजा दोघांनाही मान डोलावत राहिला. त्या गडबडीत धूम्रकेशानं हळूच मंत्र घातला, आणि दगड रोज वीतभर वर चढू लागला. पाचव्या दिवशी तो गळ्याशी येणार होता.

आवडीच्या तोंडचं पाणी पळालं. ती बापाच्या हातापाया पडली. म्हणाली, सांगून टाका, नद्या नाहीत. म्हाळूनं मान हलवली. तसं म्हणालो तर सगळाच दगड होईन, म्हणाला. मग म्हणा, ठाऊक नाही, ती म्हणाली.

"चाळीस वर्षांनी ठाऊक नाही म्हणू?" म्हाळू म्हणाला. "आवडे, तेही खोटंच की गं."

आता काय करावं? खाली जाऊन पाहावं, एवढंच उरलं. तिनं नकाशा खांद्यावर टाकला. ओच्यात झेंडूचं एक फूल बांधलं. पाणाड्यांची चाल अशी, की नव्या पाण्याला पहिलं फूल घालायचं, आणि कोणाचं ते कळावं म्हणून देठाला घराण्याची गाठ मारायची. त्यांच्या घराण्याची गाठ लाल दोऱ्याची, तीन पेडी.

राजाच्या बागेत एक आंधळी विहीर होती. तिचा तळ कोणी पाहिला नव्हता. आवडी दोर धरून उतरू लागली. विहिरीच्या कडेला, मातीतल्या बिळात एक खंड्या पक्षी राहत होता. त्यानं चोच बाहेर काढून विचारलं, "कुठे निघालीस?"

"आबाच्या नद्या पाहायला."

"तीन ठिकाणी अडशील," खंड्या म्हणाला. "दोनदा नकाशाचं ऐक, तिसऱ्यांदा पाण्याचं." एवढं बोलून तो बिळात गेला. खंड्याला फार बोलायची सवय नसते.

पहिल्या ठिकाणी दोर संपला. खाली मिट्ट काळोख. नकाशात लिहिलं होतं, इथे पाच हातांवर गेरूची नदी, पाणी कमरेएवढं. आवडी दोराला लटकून राहिली. नद्या असल्या काय नि नसल्या काय, असं म्हणणं वर उन्हात सोपं होतं. इथे नदी नसली तर हाडं मोडणार होती. तिनं डोळे मिटले आणि हात सोडला. पाच हातांवर पाणी होतं, कमरेएवढं आणि बर्फासारखं गार. पांढरे, बिनडोळ्यांचे मासे अंगच्या उजेडानं पाणी उजळत फिरत होते. आवडी त्या पाण्यात उभी राहून मोठ्यानं हसली, आणि मग तिला रडू आलं. तिनं झेंडूचं फूल पाण्यावर सोडलं. ते वाहत पुढे गेलं.

दुसऱ्या ठिकाणी वाट फुटली. डावीकडे ऐसपैस भुयार, त्याच्या टोकाला उजेड. उजवीकडे अंग चोरून शिरावं एवढी फट. नकाशा म्हणत होता, निळीची नदी उजवीकडे. तिचं मन डावीकडे ओढत होतं, पण ती उजवीकडे शिरली. मागे डावं भुयार धाडकन कोसळलं. फटीपलीकडे दुसरं पाणी वाहत होतं, आणि त्यातून एक झेंडूचं फूल तरंगत गेलं. असेल कोणाचं, म्हणून तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या ठिकाणी काजळाची नदी भेटली, आणि तिथेच आवडी अडली. नकाशाप्रमाणे इथे तिघींचा संगम. पुढची वाट संगमातून. पण समोर संगम नव्हता, काळाकुट्ट भोवरा होता. ती काठावर बसून राहिली. किती वेळ, ते पाताळात कळत नाही. बसल्या बसल्या तिला झेंडूचं फूल दिसलं. तिनं ते उचललं. देठाला लाल दोरा, तीन पेडी.

ते तिचंच होतं. गेरूच्या नदीत सोडलेलं फूल निळीच्या नदीतून जाऊन काजळाच्या नदीत आलं होतं. नद्या तीन नव्हत्याच. एकच नदी तीन वेढे घेत वाहत होती, आणि आबानं तिच्या प्रत्येक वेढ्याला वेगळं नाव दिलं होतं. वळणं सारी खरी, उड्या खऱ्या, फक्त संगम खोटा.

आता तो संगम पुसायला हवा होता. आवडीनं अंगठा ओला केला खरा, पण तो कातड्यावर टेकवेना. त्या संगमावर आबानं पाच वर्षं घालवली होती, डोळे शिणवले होते. शेवटी तिनं नकाशाला नमस्कार केला आणि रेघ पुसली. पुसताच भोवरा निवळला. पलीकडे वर जाणारी वाट होती. ती थेट राजवाड्याच्या पुष्करणीत निघाली.

वर पाचवा दिवस माथ्यावर आला होता. म्हाळू गळ्यापर्यंत दगडाचा झाला होता. आवडी निथळत्या अंगानं चौथऱ्यावर चढली आणि म्हणाली, "खाली नदी आहे. मी तिच्यात उभी राहिले. नद्या तीन नाहीत, एकच आहे." सगळ्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय हाडामांसाचेच राहिले.

धूम्रकेशाचा तोल गेला. पोर थापा मारते, चौथरा म्हातारा झाला, असं काहीबाही बोलत तोही वर चढला. म्हणाला, "जमिनीखाली काय आहे, हे माणसाला कधीही कळायचं नाही." बेडकाबद्दल तो कधी चुकीचं बोलला नव्हता. पण हे बेडकाबद्दल नव्हतं. तो कमरेपर्यंत दगड झाला.

आवडीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती बापापाशी बसली. पुसलेली रेघ दाखवायची तिला हिंमत होईना. म्हाळूनंच विचारलं, "पाणी गार होतं?"

"फार गार होतं, आबा."

"आणि संगम?"

तिनं ओलं फूल त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. तीनदा तेच आलं, म्हणाली. म्हाळू कितीतरी वेळ त्या लाल गाठीकडे पाहत राहिला. मग खणखणीत आवाजात तो बोलला, "जमिनीखाली नदी आहे. एक. तीन म्हणालो, ते चुकलं."

गळा सुटला, छाती सुटली, कंबर, गुडघे, पावलं सुटली. आवडीनं बापाला मिठी मारली. राजानं राजपाणाड्याचं आसन त्या दोघांना दिलं. पितळी बेडूकही त्यांनी ठेवून घेतला, कारण पाणी लागतं ते लागतंच. मांत्रिकाला निरोप गेला, की शब्द मागे घे आणि सूट. तो अजून विचार करतो आहे.

एवढं झाल्यावर म्हाळू घरी निघाला तर लंगडू लागला. पाहतात तो डाव्या पायाची करंगळी अजून दगडाचीच. आवडी खाली बसून ती चोळू लागली. म्हाळूनं मात्र करंगळीवर नखानं टिचकी मारली, टक्क आवाज ऐकला, आणि त्याचा चेहरा फुलला.

"अजून कुठेतरी चुकतंय," तो म्हणाला. "आवडे, नकाशा आण. गेरूही आण."

तिनं नकाशा आणला, गेरू आणला, आणि दोन दोर आणले. आज ते दोघे तिथेच आहेत, विहिरीच्या पोटात, खंड्याच्या शेजारी. करंगळी सुटली, की ही कहाणी पुरी झाली असं समजा.