शेणकिड्याचा खडा आणि हळदीचं पिंप

ही गोष्ट खरी आहे. अगदी शपथेवर खरी. सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलेली. फक्त तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

एक होता शेणकिडा. एवढासा, चिंचोक्याएवढा. नाव मात्र गुंडोपंत.

गुंडोपंताने शेणाचा लाडू वळला. गोल गोल. छान छान. जरासा वासाचा. लाडू ढकलला, गुडगुड गुडगुड. लाडू डबक्यात पडला, डुबुक. विरघळला. गेला.

गुंडोपंत रडला. मग त्याला एक लाल खडा सापडला. हा काही विरघळायचा नाही. पण खडा होता खडबडीत. ढकलला की अडायचा. आता याला गोल कोण करणार?

समोर बायजाआत्याचं अंगण. तिथं हळदीची कामं चालायची.

खलबत्ता म्हणाला, आण, कुटतो.
नको रे बाबा.

जातं म्हणालं, आण, दळते.
नको गं बाई.

हळकुंडं घोळवून गुळगुळीत करायचं एक पिंप होतं. पिंप म्हणालं, टाक आत, घोळवतो.
हां, हे बरं.

खडा आत पडला, टण्. पण पिंप जागचं हलेना.

"पिंपमामा, पिंपमामा, घूम ना. खडा गोल होईना, खेळ माझा होईना."

"चाक फिरलं, तर मी घुमेन."

गुंडोपंत निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. ओढ्यातल्या चाकाकडे गेला. त्याच्याच पट्ट्याने पिंप घुमायचं.

"चाकदादा, चाकदादा, फिर ना. पिंप घुमेना, खडा गोल होईना, खेळ माझा होईना."

"ओढा धावला, तर मी फिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ओढ्याच्या काठाशी गेला.

"ओढेभाऊ, ओढेभाऊ, धाव ना. चाक फिरेना, पिंप घुमेना, खडा गोल होईना, खेळ माझा होईना."

"म्हैस उठली, तर मी धावेन."

म्हैस ओढ्यात आडवी पसरलेली. केवढी! पाणी जाणार कुठून?

तुरुतुरु तुरुतुरु. म्हशीच्या कानाशी गेला.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना. ओढा धावेना, चाक फिरेना, पिंप घुमेना, खडा गोल होईना, खेळ माझा होईना."

"बगळा उडाला, तर मी उठेन."

बगळा तिच्या पाठीवर पेंगत होता. पाहुण्याला हलवायचं नाही, असं म्हशीला माहेरी शिकवलेलं.

तुरुतुरु तुरुतुरु. म्हशीच्या पाठीवर चढला.

"बगळेबुवा, बगळेबुवा, ऊड ना. म्हैस उठेना, ओढा धावेना, चाक फिरेना, पिंप घुमेना, खडा गोल होईना, खेळ माझा होईना."

बगळ्याने एक डोळा उघडला.

"नाश्ता झाला, तर मी उडेन."

आणि चोच उघडली. नाश्ता म्हणजे कोण? गुंडोपंत!

गुंडोपंत जरासा मागे सरला. सहाच्या सहा पायांनी. पण मागे फिरावं, तर खेळ बुडाला.

तो म्हणाला, "खा बापडा. आंघोळ मात्र केलेली नाही. शेणातच होतो. जन्मापासून."

बगळ्याने वास घेतला. "शी," म्हणाला.

बगळा उडाला, फडफड फडफड.
म्हैस उठली, फूऽऽस.
गुंडोपंत शेपटीवरून घसरला, सूंऽऽ.
ओढा धावला, खळखळ खळखळ.
चाक फिरलं, गरगर गरगर.
पिंप घुमलं, धडामधूम धडामधूम.

खडा घोळला. आज घोळला, उद्या घोळला. गुंडोपंत वाट बघून झोपला. उठला. परत झोपला.

मग खडा बाहेर आला, टुण्. गोल! गुळगुळीत! हळदीने पिवळाधमक, जसा काही नवरदेव.

बायजाआत्या ओरडत आली, माझ्या हळदीत खडे कोण घालतंय म्हणून. गुंडोपंत थांबतोय कशाला? त्याने खडा ढकलला. गुडगुड गुडगुड. कुठं म्हणून अडला नाही.

आता खरं सांगायचं, तर यातलं एवढंसं बनवलेलं आहे. बगळा "शी" म्हणालाच नाही. म्हणणार कसा? त्याने नाक धरलं होतं.