लाडक्यांचे खडे

एका राज्यात, जिथे नद्या मोठ्या आणि माणसं अबोल, मेघकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा न्यायी होता, पण आळशी. सगळं राज्य बसल्या जागी पाहायला मिळावं, अशी त्याची फार इच्छा. राणी सौदामिनी म्हणायची, "राज्य पायांनी पाहावं, महाराज." राजा हसायचा. त्याला उतारवयात झालेली एकुलती एक मुलगी होती, चारुशीला. तिच्यावरून रोज मीठमोहऱ्या ओवाळल्याखेरीज राजा घास घेत नसे.

एकदा दरबारात जटाल नावाचा मांत्रिक आला. त्याने राजापुढे तांब्याचं मोठं घंगाळ ठेवलं.

"राजा, घरोघरची गणती कर. जितकी माणसं तितके खडे ह्यात टाकायला लाव. मग पाण्यात तुला अवघं राज्य दिसेल. कोणतं गाव वाढलं, कोणतं ओस पडलं, कुठे पाळणे हलतात आणि कुठे नुसत्या काठ्या टेकतात, सगळं दिसेल."

"आणि मोल?"

"मोल नाही. एक अट आहे. हे घंगाळ तुझ्या शब्दावर विसंबतं. कमी सांगाल, तर कमीच उरेल."

"कबूल," राजा म्हणाला. अट त्याने ऐकली, न ऐकल्यासारखी केली.

आता त्या राज्याची एक रीत होती. घरातली माणसं मोजून सांगू नयेत, दृष्ट लागते. कोणी विचारलंच, "घरात किती?" तर ज्याच्यावर जीव जास्त, त्याला वगळून सांगायचं. आईने तान्ह्याला वगळावं, म्हाताऱ्याने नातवाला, नव्या नवरदेवाने बायकोला. कोणाच्या मनात खोटं नसे. तीट लावावी तितक्याच सहज ते लाडक्याला वगळत.

गणतीच्या दिवशी राज्यभर तेच झालं. राजवाड्याचे खडे राजाने स्वतः टाकले. एक आपला, एक राणीचा. तिसरा खडा मुठीत होता, तो त्याने हळूच कमरेच्या शेल्यात खोचला. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, म्हणतात ना, तसा तो मग घंगाळावर वाकला.

पाणी थरथरलं, स्थिर झालं, आणि त्यात राज्य दिसू लागलं. राजा हरखून गेला. तेवढ्यात राणीची किंकाळी ऐकू आली. चौकात चारुशीला झोपाळ्यावर बसली होती. झोपाळा अजून हलत होता. वर कोणी नव्हतं.

त्याच घटकेला घराघरातलं एकेक माणूस नाहीसं झालं, आणि प्रत्येक घरातलं सगळ्यांत लाडकं. लोकांनी ओठ मिटून घेतले. इतकं झाकूनही दृष्ट लागलीच, असं ज्याला त्याला वाटलं. मग कोण कोणाला सांगणार?

वर्षं गेली. राजा घंगाळात पाहून कारभार करी. पाण्यात दिसतील तितक्यांसाठी विहिरी खणवी, तितक्यांपुरतं धान्य पाठवी. ते कुठेच पुरेना. राजाने कोठारावरच्या माणसांवर आळ घेतला. वाड्यातही पानातलं अन्न कमी होई, म्हणून जुन्या स्वयंपाक्याला त्याने चोर ठरवून हाकललं. चौकातला रिकामा झोपाळा वाऱ्यावाचून हले. ते बघवेना, तेव्हा राजाने तो काढून टाकला. राणी झुरत गेली. एका दुपारी तिने हात पुढे केला, हवेतच धरून ठेवला आणि प्राण सोडला.

राणीच्या तेराव्यानंतर राजा घंगाळापाशी बसला होता. काठावर एक टिटवी येऊन बसली आणि माणसाच्या वाणीने बोलली.

"राजा, पाण्यात काय शोधतोस?"

"माझी मुलगी."

"तीन कामं कर. पायी जा. जी गावं पाण्यात पाहिलीस, ती डोळ्यांनी पाहा. कुंभारांच्या गावी जेव. मेंढपाळांच्या गावी निज. तिसरं काम मग सांगेन."

राजाने जोडे घातले. इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्या टाचांना फोड आले.

कुंभारांच्या गावी एका बाईने त्याला जेवू घातलं. घरात ती आणि नवरा, दोघंच. राजा धरून तिघं. पानं मात्र तिने चार मांडली. जेवणं होईतो चौथं पान पुसल्यासारखं स्वच्छ झालं.

"बाई, ते पान कोणी खाल्लं?"

"नका इचारू, म्हाराज," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून उष्टी काढू लागली.

तिथून राजा मेंढपाळांच्या गावी गेला. पाण्यात ते गाव सगळं म्हाताऱ्यांचं दिसे, म्हणून राजाने तिथली विहीर कधी उपसवली नव्हती. एका म्हाताऱ्याच्या ओसरीवर तो निजला. पहाटे उठतो तो काय, अंगणात कुऱ्हाड आपोआप वर जात होती, खाली येत होती. लाकडं फुटत होती.

"कोण आहे तिथे?" राजाने विचारलं.

"नातू हाय माझा," म्हातारा म्हणाला. "दिसत न्हाई, येवढंच. पर काम सोडत न्हाई."

"मग गणतीत का सांगितला नाहीस?"

म्हाताऱ्याने नवलाने पाहिलं. "लाडका हाय न्हवं, म्हाराज? लाडक्याला कोन मोजतं?"

राजाचा हात शेल्याकडे गेला. खडा तिथेच होता. त्याला पुसलेलं पान आठवलं, हाकललेला स्वयंपाकी आठवला, वाऱ्यावाचून हलणारा झोपाळा आठवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो अंगणातच मटकन खाली बसला आणि रडला.

टिटवी कुंपणावर होतीच. "तिसरं काम तुझ्या उंबऱ्यावर आहे," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत नाव घे आणि खडा टाक. तू आधी, मग प्रजा."

राजा परतला. त्याने गावोगावची माणसं बोलावली, घंगाळ उंबऱ्यावर आणवलं. खडा मुठीत घेतला आणि त्याची बोटं उघडेनात. पुन्हा दृष्ट लागली तर? उरलंसुरलंही गेलं तर? पण समोर म्हातारा मेंढपाळ हात जोडून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर तीच भीती होती.

"माझ्या घरात आणखी एक आहे," राजा मोठ्याने म्हणाला. "चारुशीला. माझी सगळ्यांत लाडकी."

खडा बुडाला. राजाच्या शेजारी, हातभर अंतरावर, एक स्त्री उभी होती. अंगावर राणीची शाल. केसांत एक पांढरी बट.

"तू कुठे होतीस, बाळ?"

"इथेच, बाबा. तुमच्या पानाशेजारी जेवत होते. हाका मारत होते. झोपाळा हलवला की तुम्ही वर पाहायचात. मग तुम्ही तो काढून टाकलात."

राजाने तिच्या पांढऱ्या बटेवरून हात फिरवला. मग त्याने विचारलं, "आणि तुझी आई गेली तेव्हा?"

"तिचा हात माझ्या हातात होता. तिला कळलं नाही."

मग प्रजा पुढे आली. नावं घेऊन खडे पडू लागले. ज्याचं नाव, तो प्रकट होई, आणि वाड्यापुढे एकच कल्लोळ झाला. काही खडे मात्र बुडाले नाहीत, पाण्यावर तरंगत राहिले. त्यांची माणसं मधल्या वर्षांत न दिसताच सरली होती, कोणी भुकेने, कोणी तापाने. ज्यांचे खडे, त्यांनी ते ओंजळीत घेऊन घरी नेले.

शाप सरला. राजाने स्वयंपाक्याची क्षमा मागितली, मेंढपाळांची विहीर उपसवली, घंगाळ पालथं घातलं. पुढे गणती दारोदार हिंडून होऊ लागली. लाडक्याचं नाव आधी घ्यायचं, ही नवी रीत पडली.

पहिल्या तशा गणतीला एक तरुण गणतीदार राजवाड्याच्या दारी आला.

"घरात किती, महाराज?"

"चारुशीला," राजा म्हणाला. "आणि मी."

"म्हणजे दोन. मागल्या गणतीतही वाड्याचे दोनच होते. बदल काही नाही."

राजाने ओसरीवर चटई अंथरली.

"बस जरा," तो म्हणाला. "सौदामिनी नावाची एक राणी होती. तिची गोष्ट तुला सांगतो."

त्या राज्यात गणतीला फार वेळ लागतो, असं म्हणतात. लागू दे बापडा.