बिनजाळाचा लाडू

"वस्ताद, लाडू वळता येत न्हाई म्हणून कुणाची कुस्ती अडती व्हय?"

इलाही वस्ताद पाटावर बसून सुपातल्या भाजक्या शेंगदाण्यांची फोलपटं फुंकत होते. फोलपटं उडून समोरच्या सर्जेरावाच्या मिशीवर बसत होती.

"ह्या तालमीत अडती," शेवटी ते म्हणाले.

तालमीची रीतच तशी होती. जत्रेच्या मैदानात जो उतरणार, त्याने आधी वस्तादांच्या घरी यायचं आणि स्वतःच्या हाताने लाडू वळायचे. फुटाण्याचं डाळं, शेंगदाणे, तीळ आणि गूळ. चूल पेटवायची नाही, पाक करायचा नाही, तूप तर नावालाही नाही. पहिला लाडू वस्तादांनी खायचा. तो पसंत पडला तरच लंगोट मिळायचा.

आणि वस्तादांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता.

गेल्या साली सर्जेरावाने युक्ती केली होती. आईकडून लाडू वळून घेतले आणि आपलेच म्हणून आणून ठेवले. वस्तादांनी गपचूप खाल्ले. जत्रेत सांगावच्या बिरूने सर्जेरावाला असं आस्मान दाखवलं, की वर्षभर गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्याला बघून आभाळाकडे बोट दाखवायची. ह्या साली त्याच बिरूशी पुन्हा जोड ठरली होती. सर्जेरावाला दुसरं काही सुचत नव्हतं. ही कुस्ती हुकली असती, तर त्याला गावात तोंड दाखवणं मुश्कील होतं.

म्हणून तो तयारीने आला होता. पिशवीतून त्याने एक मोठा चकचकीत डबा काढला.

"शेरातनं आणलीया. पावडर. कोल्हापुरातली पोरं हीच खात्यात. डाळंबिळं कुटायला नगं, काय नगं. चार चमचं टाकायचं, गुळात कालवायचं. निस्तं प्रोटीन!"

वस्तादांनी झाकण उघडलं. वास घेतला. एक दणदणीत शिंक दिली.

"गेल्या साली बी हीच खात हुतास न्हवं?"

"व्हय."

"मग बिरू कसा पडला न्हाई?"

सर्जेराव डब्याचं झाकण लावू लागला.

"आन् डाळ्यात, दाण्यात काय भुस्सा असतोय व्हय रं? तुझ्या पावडरीच्या आधी ह्या तालमीत काय काटक्या घुमत हुत्या?" वस्तादांनी सूप पुढे सरकवलं. "कुट."

सर्जेरावाने बत्ता उचलला. कुटण्याचं काम त्याच्या आवडीचं. दणादण घाव पडू लागले, तसं फडताळातलं भांडं न् भांडं नाचायला लागलं.

"आरं, डाळं कुटतुयास का माझा खल?" आतून चाची ओरडल्या. चाची म्हणजे वस्तादांच्या घरच्या. तालमीतला एकही पैलवान त्यांच्या हातचं खाल्ल्याशिवाय मोठा झाला नव्हता, त्यामुळे त्या कुणालाच भीत नव्हत्या.

कूट झालं. त्यात गूळ किसून पडला, तीळ पडले. सर्जेरावाने बाह्या सावरल्या आणि मूठभर मिश्रण उचललं.

त्याची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली. हाताने नारळ फोडतो म्हणे. खरंखोटं तोच जाणे, पण कुणी विचारलं तर त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या मुठीत त्याने सगळा जीव ओतला. मानेच्या शिरा टरारल्या. शेंगदाण्याचं तेल बोटांतून निघालं आणि ओघळत कोपरापर्यंत आलं.

मूठ उघडली. लाडू कसला, मुटकाच तो. चार बोटांच्या चार घळी पडलेल्या.

वस्तादांनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि फरशीवर आपटला.

टक्... टक्...

"दाराशी कोण आलंय बघा वो," आतून चाची म्हणाल्या.

वस्ताद पोट धरून हसले. हसता हसता डोळे पुसले.

"ह्यो संगं ने. डाव न्हाईच जमला, तर घाल बिरूच्या टाळक्यात."

सर्जेराव चिडला. दुसऱ्या लाडवाला त्याने दोन्ही हात लावले. तो दोन्ही हातांत दाबला गेला, चिरला आणि ताटात त्याचे तुकडे पडले. तिसऱ्याचीही तीच गत.

"गूळच बरा न्हाई. चिकटपणा म्हणून न्हाई त्यात."

"हां. अंगण बी वाकडं आसंल," चाची म्हणाल्या.

"जरा चुलीवर पाक करू द्या की वस्ताद! असा बांधून देतो बघा, भिताडावर फेकला तरी फुटायचा न्हाई."

"पाक केल्यावर पाक बांधतोय. तू काय करतुयास?"

सर्जेराव ताटातले तुकडे गोळा करू लागला.

"गेल्या जत्रंत एक लाडू खाल्लेला," वस्ताद ताटाकडे बघत म्हणाले. "बिनजाळाचाच. हातात घेतला तर तीळ सांडला न्हाई. तोंडात टाकला तर हुता का न्हवता, कळलं न्हाई. ह्या बोळक्यानं वळणाऱ्याला दुवा दिली त्या दिशी."

वस्तादांनी सर्जेरावाचं कौतुक करून वर्ष लोटलं होतं. आणि इथे कुणाच्या तरी लाडवाचं कौतुक चाललं होतं!

"कुणी वळलेला?"

वस्तादांनी आपलं वाळकं मनगट पुढे केलं.

"धर."

"आँ?"

"मनगट धर माझं. मी सोडवून घ्यायचं, तू सोडायचं न्हाई. सोडलंस तर जत्रा इसर."

आता मात्र सर्जेराव मनातल्या मनात हसला. म्हातारा आपणहून सापडला होता. त्याने मनगट धरलं.

"जीव खाऊन धर."

त्याने जीव खाऊन धरलं.

वस्तादांनी हिसका दिला नाही, की पीळ दिला नाही. ओल्या फडक्यासारखा हात सैल सोडून दिला आणि गप्पा सुरू केल्या.

"म्हस व्याली का रं?"

"व्हय... रेडी झाली."

"झ्याक. आन् आईचा गुडघा?"

"हाय... तसाच."

"तीळ लावाय सांग तेलाचं... म्हंजे तेल लावाय सांग तिळाचं. आन् तुझ्या थोरल्या चुलत्याचं ते इहिरीचं काय झालं?"

चुलत्याच्या विहिरीची गोष्ट लांबलचक होती. वस्तादांनी ती खोदून खोदून विचारली. सर्जेराव दातओठ खात एकेक शब्द बाहेर काढत होता. त्याच्या दंडाला कंप सुटला. बोटं आधी दुखली, मग बधिर झाली. मनगट धरलंय की खुंटी, तेही त्याला कळेना. विहिरीला पाणी लागायच्या आत वस्तादांचा हात अलगद बाहेर आला होता आणि ते त्याच हाताने कान खाजवत होते.

सर्जेराव आपल्या रिकाम्या पंजाकडे बघत राहिला.

बिरू असाच पडला होता खाली. गेल्या साली, मैदानात. सर्जेरावाने वरून कंबरेला मिठी घातली होती आणि आवळत होता, आवळत होता... आणि खाली बिरू झोपल्यागत सैल. लोक ओरडत होते, "सर्जा, सोडू नगंस!" त्याने सोडला नव्हता. हातच गेले होते. आणि मग एकदम वर आभाळ दिसलं होतं.

वर्षभर तो नशिबाला बोल लावत होता, पंचांना शिव्या घालत होता.

"वस्ताद..."

"तू सोडलं न्हाईस, सुटलं. बोलू नगंस. वळ."

"हातात जीव न्हाई वो राहिला."

"म्हणूनच म्हणतोय. वळ."

सर्जेरावाने कूट उचललं. मूठ मिटेना. मग त्याने ते नुसतं पंजावर घेतलं आणि दुसऱ्या पंजाने हळूहळू फिरवलं. जरा दाबायचं आणि सोडायचं, जरा दाबायचं आणि सोडायचं. दाबायला जोर नव्हताच. कडेचा भुगा आपसूक आत जाऊ लागला. घळी बुजल्या. तेल निघालं नाही, अंगावर तुकतुकी तेवढी आली.

पंजावर एक गरगरीत लाडू बसला होता. सर्जेराव त्याच्याकडे, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिला.

वस्तादांनी तो उचलला. तीळ सांडला नाही.

तोंडात टाकला.

चाचीसुद्धा आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. वस्तादांचं बोळकं एकदा हललं, दोनदा हललं आणि थांबलं. डोळे मिटलेलेच होते.

वस्ताद उठले. कोनाड्यातला लाल लंगोट काढला आणि सर्जेरावाच्या मांडीवर टाकला.

सर्जेरावाने त्यांचे पाय धरले. डोळ्यांतलं पाणी लपवायला त्याला दुसरी जागा नव्हती. चाचींनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. म्हणाल्या, "आता उरल्यालं बी वळ. तालमीतल्या पोरांनी काय तुझं रडणं खायाचं?"

ताट भरून लाडू झाले. एकाहून एक सरस. सर्जेराव आता गाणं गुणगुणत होता आणि पावडरीचा डबा चाचींनी कधीच रिकामा करून तिखटाला घेतला होता.

निघताना तो उंबऱ्यावर घुटमळला.

"वस्ताद, गेल्या जत्रंतला त्यो लाडू... कुणी वळलेला?"

वस्तादांनी ताटातला एक लाडू निवडला, स्वच्छ फडक्यात बांधला आणि सर्जेरावाच्या हातावर ठेवला.

"बिरूनं. ह्यो त्याला दे... कुस्तीच्या आधी. खाल्ला की वळखंल, तुझा हात बदललाय."