वखारीचा दरवाजा

जहाजं शिडांवर चालत होती त्या काळी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी इजिप्तच्या एका बंदरात वखार बांधली. तिचा दरवाजा व्हेनिसहून आणलेल्या लाकडाचा होता, आणि याचा त्याला भारी माज होता.

रोज एक गाढव पाण्याच्या पखाली घेऊन यायचं. दरवाजा गुरकावायचा, “थांब! आत आमचं व्हेनिस आहे. तुम्हा परक्यांपासून ते मी राखतो. आधी विचारायचं.” गाढवाच्याच गावात गाढवाला परकं म्हणताना त्याला काहीच वाटत नसे. गाढव मान खाली घालून म्हणायचं, “मालक, आत येऊ का?”

शुक्रवारी दुपारी गाव नमाजाला जाई, तेव्हा व्यापाऱ्यांना आत ठेवून वखारीला बाहेरून अडसर घालायचा रिवाज होता. गावाचा पहारेकरी इद्रीस तो घाली. दरवाजाला वाटे, हा आपला नोकरच.

एका शुक्रवारी आत कापसाच्या गासड्या पेटल्या. व्यापारी दरवाजावर धडका देऊ लागले. “अरे उघड, तू तर आपल्या घरचा!” त्यांच्यातला म्हातारा ओर्सो रडत म्हणाला. दरवाजाने सगळा जोर लावला, पण अडसर बाहेर होता.

बाहेर गाढव पखाली घेऊन ताटकळत होतं. धूर पाहून ते बेंबीच्या देठापासून ओरडलं. इद्रीस नमाज सोडून धावत आला आणि त्याने अडसर काढला.

“पाणी! पाणी!” ओर्सो आतून ओरडत होता. गाढव धावलं, पण उंबऱ्याशी सवयीनं थांबलं.

“मालक, आत येऊ का?”

दरवाजा सताड उघडला. तो मागच्या भिंतीला असा चिकटला, जणू तिथे दरवाजा कधी नव्हताच.