सुगंधाचं वाक्य

"...पण मग ती माझ्याजवळ का बोलली नाही, बाबा?"

निमकर सरांनी पुन्हा तेच विचारलं. तुळसगीरबाबा मठाच्या ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

निमकर सर म्हणजे तालुक्याच्या किशोर मंडळाचे सर्वेसर्वा. मुलांना बोलायला शिकवतात. उभं कसं राहायचं, आवाज कुठे चढवायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून मनातलं कसं सांगायचं, हे सगळं शिकवतात. आणि आपण किती छान शिकवतो, हेही अधूनमधून ऐकवतात. स्वतःला बाबांचे शिष्य म्हणवतात खरे, पण गुरुवारी मठात येतात ते बाबांनाच चार गोष्टी सांगायला, अशी त्यांची थट्टा आम्ही ओट्यावरची मंडळी नेहमी करायचो.

त्या दिवशी कुणाला थट्टा सुचली नाही. सरांचा चेहरा पार उतरला होता.

"ती म्हणजे कोण?" बाबांनी विचारलं.

"सुगंधा. मंडळातली माझी सगळ्यात हुशार मुलगी. बारा वर्षांची आहे. परवा एकटीच एसटी स्टँडवर बसलेली सापडली. दप्तरात पुस्तकांच्या जागी कपडे... आणि दंडावर वळ होते, बाबा."

"मग?"

"हवालदार आले, शेजारपाजारचे आले. घरी कुणी मारतं का, म्हणून ज्यानं त्यानं विचारलं. ही गप्प. शेवटी मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, बाळ, मनात असेल ते सांग. तर माझ्या डोळ्यांत बघून, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, 'घरी सगळे माझ्याशी बोलतात.'"

"एवढंच?"

"एवढंच. पुन्हा विचारलं, तरी तेच."

"आता कुठंय पोरगी?"

"घरी... आईबाप म्हणाले, खेळताना पडली. मुलीची काही तक्रार नाही म्हटल्यावर हवालदार तरी काय करणार? आईबाप तिला घेऊन गेले."

"घरी," बाबा म्हणाले.

"हो."

...

बाबांच्या हातातली चिंच तशीच राहिली. कुणीतरी उगाच खाकरलं.

"हे वाक्य तिचंच का?" बाबांनी विचारलं.

एवढ्या दुःखातही सर जरा सावरून बसले. माणसाची सवय जात नाही, ती अशी.

"वाक्य तिचं, पण बसवून घेतलं मी. मागं एकदा 'माझं घर' या विषयावर मुलांना बोलायला लावलं होतं. ही उभी राहिली आणि पहिलंच वाक्य, 'घरी सगळे मला बोलतात.' आता ही काय मराठी झाली, बाबा? हल्ली जो तो असंच बोलतो. मला बोलला, मला बोलली. कानाला नुसतं टोचतं. मी तिथल्या तिथं थांबवलं. म्हटलं, 'मला' नाही, 'माझ्याशी'. पुन्हा म्हण."

"म्हणली?"

"आधी अडली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, एकदम बरोबर. मी सगळ्या मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या."

"आन् पुढं काय बोलली?"

"पुढं?" सर थबकले. "पुढं काही नाही. खाली बसली."

...

बाबांनी चिंचांचं टोपलं बाजूला सारलं आणि एकाएकी कडाडले.

"मघापासून पाण्याचा तांब्या ठेवलाय समोर, दिसत नाही का? आलास की आपलीच टकळी! बसायचं कसं, बोलायचं कसं, काही वळण हाय का तुला? घरच्यांनी काही शिकवलं का नुसतंच वाढवलं?"

आम्ही दचकलोच. इतकी वर्षं मठात आहोत, बाबांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. चारचौघांत असा पाणउतारा! सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बाबा... मला कशाला बोलता? मी काय केलं?"

बाबा त्याच क्षणी शांत झाले. वर्गात मास्तर करतात तसं त्यांनी एक बोट वर केलं.

"'मला' नाही. 'माझ्याशी'."

"अं?"

"'बाबा माझ्याशी बोलतात.' पुन्हा म्हण."

सर हसायला गेले. जमलं नाही.

"म्हण की."

"बाबा माझ्याशी..."

तोंड उघडंच राहिलं. त्यांना काय कळलं ते आम्हाला सगळ्यांना दिसलं, आणि खरं सांगतो, ते बघवत नव्हतं.

"पुरं कर."

"...बोलतात."

बाबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच वाजवल्या, बराच वेळ. आमच्यापैकी कुणाचा हात उचलला गेला नाही.

टाळ्या थांबल्या. मग सर गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. बाबांनी त्यांना ना जवळ घेतलं, ना उगी केलं.

"ती सांगत होती, बाबा. सगळ्यांसमोर उभं राहून सांगत होती. आणि मी..."

...

"मी आत्ता जातो. तिच्या घरी जातो. आईबाप काय म्हणायचं ते म्हणू देत, मी तिच्या समोर बसतो आणि परत विचारतो. माझा शब्द ती कधी खाली पडू देत नाही. मला सांगेल ना ती?"

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. बाबांचे डोळे भरून आले होते.

"सांगेल की," ते म्हणाले. "अगदी शुद्ध सांगेल."