पत्नी घरी परत मिळणेबाबत

विषय: पत्नी मठातून घरी परत मिळणेबाबत.

संदर्भ: श्री. मुकुंद आष्टेकर, सेवानिवृत्त चीफ केमिस्ट, साखर कारखाना, यांचा तोंडी अर्ज. सादर गुरुवारी, सकाळच्या आरतीनंतर. ठिकाण वारणाकाठचा मठ.

उपरोक्त विषयी घडले ते असे.

“म्हणजे ताकसुद्धा नाही?” मठाच्या रंगबुवांनी विचारलं.

“ताकात लोणी राहतं बुवा.”

“भात?”

“बंद.”

“पोळी, भाकरी?”

“बंद. गूळ, साखर, तेल, तूप, केळी, बटाटा, शेंगदाणे, सगळं बंद. जीभ जिंकली मी.” आष्टेकरांनी विजारीचा पट्टा पुढे ओढून दाखवला. आत एक उशी मावली असती.

ज्या माणसाने उभा जन्म साखर बनवण्यात घालवला, तो आता तिचं नाव बंद केलेल्या वस्तूंच्या यादीत घेत होता.

“मग चाललंय काय?”

“दुधी. उकडलेला. आणि काकडी.”

“काकडी कच्ची?”

“अर्थात.”

“बरं…” बुवा म्हणाले. “आणि केस कुठे गेले?”

“ते वयामुळे.”

एवढं बोलून आष्टेकर उठायला गेले आणि खांबाला धरून पुन्हा बसले. तेही वयामुळेच असावं.

“माझं म्हणणं एवढंच,” ते म्हणाले, “वत्सला दिवाळीपासून इथे तुमच्या स्वयंपाकघरात येऊन राहिली आहे. तुम्ही तिचे गुरू. तुम्ही सांगितलंत तर ती येईल.”

“त्या काही इथे कैदेत नाहीत. विचारा की त्यांनाच.”

वत्सलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“भाऊबिजेला माझा भाऊ आला होता बुवा. यांनी त्याच्या ताटातली पोळी उचलली आणि वजनकाट्यावर ठेवली.”

“त्याच्याच भल्यासाठी!” आष्टेकर म्हणाले.

“जेवत्या माणसाच्या ताटातली! आणि उतरलेल्या वजनाचं कौतुक सांगू नका. गेल्या वर्षीही उतरलं होतं. परत आलं ते सोबत आणखी दोन किलो घेऊन.”

“तेव्हा निग्रह कमी पडला.”

“घरात माणसांसारखं जेवण होणार असेल तर मी येते. आत्ता येते. नाहीतर मी इथे बरी आहे.”

बुवांनी डोळे मिटले. ते विचार करत आहेत की झोपले आहेत, हे मठात कुणालाच कळत नाही.

“अर्ज घेतला,” ते म्हणाले. “आधी आजची पंगत तुम्ही वाढा.”

इथे मठाची रीत सांगणं भाग आहे. या मठात वाढणाऱ्याचं पान पंगतीतच मांडतात. सगळ्यांचं जेवण झालं की त्यानं बसायचं, आणि त्याचं पोट भरेपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. वाढपी उपाशी राहू नये म्हणून कुणा जुन्या बुवांनी ही रीत घातली. जेवू न इच्छिणारा वाढपी त्यांच्या कल्पनेत नसावा.

आष्टेकरांनी पंगत वाढली. भात चमच्याने वाढला. खपली गव्हाची खीर अशी वाढली की द्रोणाचा तळ दिसावा.

“साहेब, भात,” पंगतीतले म्हातारे धोंडीनाना म्हणाले.

“नाना, या वयात भात?”

“मग कुठल्या वयात? पुढच्या?”

“रात्री जड होईल तुम्हाला.”

“रात्रीचं रात्री बघू. तुम्ही हात हलवा.”

अखेर वत्सलाबाईंनी परात हिसकावून घेतली आणि पंगत जेवली. मग आष्टेकर आपल्या पानावर बसले. पिशवीतून त्यांनी डबा काढला. डब्यात दुधी होता.

“पंगतीत पंगतीचं,” बुवा म्हणाले.

आष्टेकरांनी डबा बंद केला, हाताची घडी घातली आणि मान ताठ केली.

सगळ्यांचे हात वाळू लागले.

“अहो, माझी दीडची एस.टी. आहे,” पलीकडच्या रांगेतून एक बाई म्हणाली.

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” आष्टेकर म्हणाले.

“तत्त्व तुमचं आणि गुडघे आमचे,” नाना म्हणाले. “एक घास घ्या की हो! विष घातलंय का त्यात?”



शेवटी आष्टेकरांनी बोटाचं टोक खिरीत बुडवलं. जिभेला लावलं. नको असलेला कागद चाळावा तसा चेहरा केला.

मग पुन्हा बुडवलं. या वेळी चार बोटं.

मग द्रोण उचलला.

“थोडी…” ते खाली बघत म्हणाले. “अगदी थोडी, आणखी.”

वत्सलाबाईंनी वाढली. आणखी वाढली. आष्टेकरांनी खीर संपवली, भाकरी मागितली, आमटीत कुस्करली, भात मागितला, भातावर तूप मागितलं, आणि तूप आहे तर गूळही मागितला. कुणाकडे बघितलं नाही. श्वास मध्ये मध्ये घेतला असावा.

पंगत बसून राहिली. दीडची एस.टी. हॉर्न देऊन गेली. नाना भिंतीला टेकून घोरू लागले. आतून निरोप आला, संध्याकाळच्या नैवेद्याची खीरही संपली.

“वाढा,” बुवा म्हणाले, “तळाची खरवड असेल.”

आष्टेकरांनी तीही खाल्ली, आणि मग त्यांचा हात थांबला. पंगत एकमेकांचे खांदे धरून उठली. बाईंनी एस.टी.बद्दल आष्टेकरांना जे सुनावलं ते इथे देता येत नाही.

वत्सलाबाई आत गेल्या आणि कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी चपलाही घातल्या होत्या.

“पोटभर जेवलेलं बघितलं,” त्या बुवांना म्हणाल्या. “डोळे निवले. येऊ मी?”

आष्टेकर हात धुऊन आले. आले आणि बुवांसमोर ओणवे झाले. पोटामुळे पूर्ण वाकता आलं नाही.

“बुवा, घात झाला. लाज आणली मी.”

“कसली?”

“एवढ्या दिवसांचं तप एका द्रोणात बुडालं.”

“द्रोण बरेच होते,” नाना म्हणाले.

“बरं, ते राहू दे,” बुवा म्हणाले. “उद्या काय जेवणार?”

आष्टेकर ताठ झाले. डोळ्यांत पुन्हा सकाळचं तेज आलं.

“उद्या काहीच नाही. निर्जळी. परवा फक्त काकडी, तीही अर्धी. आणि घरातलं तूप, गूळ, तांदूळ, आजच संध्याकाळी शेजाऱ्यांना देऊन टाकतो. आजचं सगळं भरून काढतो की नाही बघाच.”

वत्सलाबाई दारात उभ्या होत्या. एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

बुवांनी एकदा त्या पायाकडे आणि एकदा खिरीच्या रिकाम्या द्रोणांकडे बघितलं.

मग म्हणाले, “वत्सलाबाई, पिशवी आत ठेवा आणि गूळ चिरायला घ्या.”

अर्ज प्रलंबित आहे.