हडळीच्या मनगटावरचं घड्याळ

"...म्हणजे एकाच कागदावर तीन चुका, चाचा. तीन! असला कागद खरा कसा मानायचा?"

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. ते बाजेची नवार ताणत होते.

विचारणारा होता उदय शिरगुप्पे. भुताखेतांच्या सिनेमातल्या चुका काढून दाखवणारं त्याचं चॅनल दोन लाख लोक बघत. दाराबाहेर रक्ताने माखलेला सदरा दाराच्या आत येताच कोरा कसा झाला, कंदील विझल्यावर भिंतीवर सावली कुठून आली, सगळं गाव पळून गेलं तर देवळातली घंटा कोण वाजवतंय... असलं काही त्याच्या नजरेतून सुटत नसे. दिग्दर्शक मंडळी त्याच्या नावाने बोटं मोडत. ते त्याला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला भारी कौतुक होतं.

हे वेड त्याला लावलं दस्तगीरचाचांनी.

चाचा तंबूतल्या टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर. जत्रेतल्या तंबूत विहिरीतून वर येणारी हडळ बघून नऊ वर्षांचा उदय किंचाळत उठला, तो थेट मशीनपाशी येऊन त्यांच्या पायांना बिलगला. चाचांनी त्याची हनुवटी धरून तोंड पडद्याकडे फिरवलं.

"भिऊ नगंस. तिच्या मनगटाकडं बघ."

हडळीच्या मनगटावर घड्याळ होतं.

उदय खदखदून हसला. चूक सापडली की भीती जाते, हा मंत्र त्याने तिथून उचलला आणि सदतीस वर्षं जपला. आजवर तो लागूही पडत आला होता.

"कसला कागुद?" चाचांनी विचारलं.

"गळ्याजवळ गाठ आलीय. तिचा तुकडा तपासायला दिला होता. त्याचा रिपोर्ट."

"काय आलंय त्यात?"

उदयने मनगटावरचं घड्याळ उगाचच फिरवलं.

"...कॅन्सर."

हा शब्द त्याने अजून कुणापाशी उच्चारला नव्हता. रिपोर्ट आलाच नाही, असं बायकोलाही सांगून ठेवलं होतं.

चाचांचे हात थांबले.

"पण चुका बघा ना!" उदय घाईघाईने म्हणाला. "वय लिहिलंय चौसष्ट. मी सेहेचाळीसचा. तुकडा घेतल्याची तारीख रविवारची. मी सोमवारी गेलो होतो, रविवारी त्या लॅबला कुलूप असतं. आणि गाठ उजवीकडे लिहिलीय. माझी डावीकडे आहे. सिनेमात कुणी असलं केलं असतं तर मी त्याची सालटीच काढली असती."

"नाव कुणाचं हाय?"

"नाव... माझंच."

"फोनचा नंबर?"

"तोही माझाच."

चाचांनी नवार पुन्हा ओढली. परसात एक कोंबडी उकिरडा उकरत होती.

"अदलाबदल झाली असेल," उदय म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा तरी असेल."

"आसंल की. माणसाच्याच हातनं लिवल्यालं."

उदयचा जीव भांड्यात पडला. पंधरा दिवस हेच ऐकायला त्याचे कान आसुसले होते.

"मंग ज्याचा हाय, त्यो चौसष्ट वर्साचा माणूस कुठं हाय?"

"...म्हणजे?"

"तुझा चांगला कागुद उशाला घिऊन निवांत झोपला आसंल बिचारा. त्याला सांगाय नगं?"

तो चौसष्टचा माणूस त्याच्या ध्यानीमनी नव्हता. जगाच्या गोष्टींतली भोकं शोधत हिंडणाऱ्याला आपल्या गोष्टीतलं एवढं मोठं भगदाड दिसलं नव्हतं.

"डाक्टर काय म्हंतो?"

"त्यांना भेटलो नाही अजून. ते दर गुरुवारीच येतात तालुक्याला. एक वाजेपर्यंत बसतात."

"किती गुरवार झालं?"

"...दोन."

"आणि आज?"

उदयने खाली बघितलं. आजही गुरुवारच होता. सकाळी त्याने मोटरसायकल काढली ती तालुक्याला जायलाच. फाट्यावर आल्यावर ती इकडे वळली. कशी वळली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. इथून तालुका पाऊण तासावर होता.

"तुम्ही फक्त एकदा म्हणा, चाचा." तो पुढे सरकला. "कागद खोटा आहे म्हणा. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"...व्हय. म्याच शिकिवलं."

गुडघ्यावर हात टेकून चाचा उठले. कोपऱ्यात ताडपत्रीखाली जुनं मशीन होतं. त्याच्यामागून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. रीळ तुटलं की दोनचार चित्रं कापून जोड द्यावा लागे, आणि कापलेला तुकडा चाचा कधी फेकत नसत. बराच वेळ चाळवाचाळव करून त्यांनी एक तुकडा निवडला आणि भिंगासकट उदयच्या हातात दिला.

"उजेडात धर."

उदय दारातल्या उन्हात गेला. तुकड्यात विहीर होती. पांढरी साडी होती. हाडकुळा हात आणि त्या हातात घड्याळ. सदतीस वर्षांनी ती पुन्हा समोर आली आणि त्याला एकदम भरून आलं.

"तिच्या घड्याळात किती वाजलं?"

हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. त्याने भिंग डोळ्याला लावलं, श्वास रोखला.

"दहा... दहा वीस. थांबा, थांबा! चाचा, सीन तर मध्यरात्रीचा आहे! म्हणजे हे शूटिंग सकाळचं. आणि ही काठाची सावली बघा, चांदण्यात एवढी काळी पडेल का?" त्याचा चेहरा उजळला होता. तो खिशातला मोबाइल चाचपू लागला. "एका चित्रात तीन चुका! हे आजवर कुणीच पकडलेलं नाही. येत्या रविवारी हेच टाकतो."

गळ्याजवळची गाठ तो साफ विसरला होता.

"काठावर पानी शेंदाय एक बाई आल्याली," चाचा म्हणाले.

"हो. हडळीला बघून जागच्या जागी खिळते ती."

"तिचं काय हुतं म्होरं?"

"तिला... हडळ आत ओढते."

"त्या बाईला घड्याळ दिसलं नसंल?"

"दिसलंच असणार. अगदी तोंडासमोर तर..."

उदय थांबला.

कोंबडी उकिरडा सोडून उंबऱ्यापाशी आली, दोघांकडे बघून निघून गेली.

उदयला गाठ पुन्हा आठवली. काय करावं ते त्याला सुचेना. हात आपोआप वर गेला. भिंग पुन्हा डोळ्याला लागलं.

"दहा वीस... की पंचवीस? मोठा काटा नीट दिसत नाही. पंचवीस असतील तर..."

चाचांनी तुकडा त्याच्या बोटांतून हलकेच काढून घेतला. डब्यात ठेवला. झाकण दाबून बसवलं.

मग ते त्याच्यापाशी आले. त्यांची बोटं नवार ताणून सोलवटलेली होती. त्या बोटांनी त्यांनी उदयची हनुवटी धरली, तंबूत धरली होती तशीच, आणि तोंड त्याच्याच हाताकडे फिरवलं.

"तिचं ऱ्हाऊ दे... तुझ्या घड्याळात किती वाजलं?"